शेवटची पाहणी

आमची गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, पूर्ण भरपाई मिळेल, असं विमा कंपनीच्या सर्व्हेअरने कळवलं होतं. फक्त शेवटची पाहणी आणि सही उरली होती. निवृत्त मेकॅनिक असलेल्या काकांना तो निकाल झोंबला. आठवडाभर ते गाडीखालीच होते. सर्व्हेअर आला तेव्हा काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन चक्क सुरू झालं. “ऐका साहेब, मेलेली गाडी अशी बोलते का?” काका म्हणाले. सर्व्हेअरने पेनाला टोपण लावलं. “काका, बंद करा ती,” मी हात जोडले. काकांनी ऐटीत रिव्हर्स टाकला. गाडी फाटकाबाहेर जाऊन सर्व्हेअरच्या गाडीवर आदळली. “ब्रेक उद्या बसवणार होतो,” काका म्हणाले. सर्व्हेअरने टोपण काढून सही केली. काका तोवर त्याच्या गाडीखाली शिरले होते. “हिला काही झालेलं नाही. किल्ली ठेवून जा.”