सोमवारी मेन खाली

"कारण नको मला," दादा म्हणाले. "नाव सांगा. कुणामुळं झालं त्याचं नाव. चार वाजायच्या आत तो माणूस गेटाभाईर."

सर्व्हर सकाळी सात वाजता मेला होता. दोन्ही डिस्क एकदम. शिरोलीतल्या दादांच्या या फाउंड्रीच्या सगळ्या कास्टिंगची ड्रॉइंग त्यावर होती.

"बॅकअप हाय म्हणला हुतासा न्हवं?"

"आहे ना दादा," इरावती म्हणाली. "डब्यात आहे."

डबा. काळा, बुटाच्या खोक्याएवढा, आत चार डिस्क, वीज गेली की दोन मिनिटं ओरडणारी छोटी बॅटरी, पाठीमागं नेटवर्कची वायर. सर्व्हरवरचं सगळं आठवड्यातून एकदा त्यात उतरायचं. ड्रॉइंग खात्याची प्रमुख म्हणून तो इरावतीनंच मागवला, तिनंच बसवला. ऑफिसात नाही, अंगणापलीकडं लाकडी साचे ठेवायच्या पॅटर्न स्टोअरमध्ये. हट्टानं. एकीकडं आग लागली तर दुसरीकडचं तरी राहील. वेळही तिचीच. सोमवार, सकाळी दहा. सोमवारी कारखान्याला सुट्टी, नेटवर्क मोकळं, कुणाचा अडथळा नाही.

तिनं लॅपटॉप उघडला. डब्यात शिरली.

एकच प्रत. बसवल्या दिवशी, गुरुवारी, चाचणी म्हणून घेतलेली. आठ महिन्यांपूर्वीची.

त्यानंतर

काही नाही. तिनं पान पुन्हा उघडलं. काही नाही. मग डब्याची स्वतःची नोंद उघडली.

सोमवार, ८.०५. वीज गेली.
मंगळवार, ६.५०. वीज आली.

सोमवार, ८.०२. वीज गेली.
मंगळवार, ६.५५. वीज आली.

सोमवार, ८.०७. वीज

चौतीस सोमवार. सर्व्हर ऑफिसच्या विजेच्या वेगळ्या लाइनवर, तो सुट्टीलाही जागा. दर सोमवारी दहाला तो डब्याला हाक मारत होता आणि डबा मेलेला होता. चूक झाली की मेल यावा, ही सोय ती पुढच्या आठवड्यात करणार होती. मग त्याच्या पुढच्या. मंगळवार ते रविवार डब्यावर हिरवा दिवा जळायचा. येता-जाता तिनं तो पाहिला होता. रोज. चालू आहे म्हणून समाधानानं पाहिला होता.

आठ महिन्यांची ड्रॉइंग. एकेका पंप बॉडीच्या अठरा-अठरा दुरुस्त्या. रात्री डोळ्यांत औषध घालून

ती उठली. खुर्ची मागं पडली, ती तिनं उचलली नाही. अंगण ओलांडताना भट्टीवरच्या माणसानं काहीतरी विचारलं. "बाजूला व्हा," ती म्हणाली. तो बाजूलाच उभा होता.

गेटवर पिराजी. बावीस वर्षं वॉचमन. बशीत चहा ओतत होता.

"सोमवारी पॅटर्न स्टोअरची लाइट कोण घालवतं?"

"मी. सगळ्या शॉपच्या मेन स्विचचा दांडा खाली. सुट्टीला मेन खाली, पयल्यापास्नं."

"त्या लाइनवर माझा डबा आहे!"

"हाय की. म्हाईत हाय मला."

"माहीत आहे?" तिचा आवाज चिरकला. "माहीत असून ओढलात? एकदा नाही, दोनदा नाही, चौतीस वेळा! एक निरोप, एक फोन! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

पिराजीनं बशी खाली ठेवली. चहा तसाच.

"आवाज चढवू नका, मॅडम."

"चला दादांच्याकडं. आत्ता. चला!"

केबिनमध्ये ती आधी शिरली. दार भिंतीवर आपटलं. दादांनी फोन कानापासून काढला.

"नाव मिळालं," ती म्हणाली. "पिराजी."

मग ती बोलत राहिली. अंगठेबहाद्दर, असं म्हणाली. एका दांड्यापायी, असं म्हणाली. माझे आठ महिने, असं दोनदा म्हणाली. प्रत्येक शब्दागणिक तिचा आवाज चढत होता आणि ते तिला आवडत होतं. पिराजी दाराजवळ उभा होता. टोपी हातात, मान ताठ. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"व्हय रं?" दादांनी विचारलं. "तूच मेन वडतूस?"

"व्हय."

"आन् डबा त्येच्यावर हाय, हे ठावं हुतं?"

"व्हय."

"मग काय बोलायचं ऱ्हायलं? किल्ल्या ठिव."

पिराजी पुढं आला. कमरेचा जुडगा काढून टेबलावर आपटला. पेनं उडाली.

"ठिवल्या. बावीस वर्सं एक खिळा भाईर जाऊ दिला न्हाय, त्येचं हे. ऱ्हाऊ द्या. पर अंगठेबहाद्दर म्हणला मॅडम. सातवी पास हाय मी. मी जायच्या आदी माझं अक्षर बघा म्हणतो सगळ्यास्नी."

तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या काखेत गेटची वही होती. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, दर मंगळवारी खातेप्रमुखांच्या सहीसाठी फिरणारी. त्यानं ती दादांसमोर उघडली आणि दोन पावलं मागं सरकला.

दादांनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं. "'सोमवार. सकाळी आठ. मेन खाली केला. स्टोअरमधला काळा डबा ओरडतोय. त्याची लाइट चालू ठेवायची का, मॅडमनी सांगावे.'"

पान उलटलं. "'सोमवार. मेन खाली केला. काळा डबा ओरडतोय. चालू ठेवायचा का, मॅडमनी सांगावे.'"

पान उलटलं. तिसरं त्यांनी अर्ध्यातच सोडलं. पुढची नुसती उलटत गेले. अक्षर गोल, सावकाश, ओळ न सोडणारं. मग त्यांनी वही फिरवली आणि टेबलावरून इरावतीकडं सरकवली.

प्रत्येक सोमवारखाली मंगळवारची तारीख होती, 'पाहिले' असा शेरा होता, आणि इरावतीची सही.