दुसरा ब्रेक

सेल्समनने हेडफोन भिंगरीच्या डोक्यावर चढवला.

"छोटीशी टेस्ट आहे," तो म्हणाला. "यात एक पक्षी ओरडतो. डावीकडे ओरडला की डावा हात वर करायचा, उजवीकडे ओरडला की उजवा. आवाज कसा फिरतो बघा मॅडम, कॉलेजात जाऊन नाचेल पोरगी."

"कॉलेजात ती शिकायला चाललीय," आई म्हणाली. पण हसली. बारावी पार पडल्याची भेट घ्यायला मायलेकी दुकानात आल्या होत्या आणि आई आज चक्क खुशीत होती.

भिंगरीला मात्र दरदरून घाम फुटला. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. अजिबात नाही. आठवीत तापातून उठली तेव्हापासून तो कान फक्त डूल अडकवायच्या कामाचा उरला होता. ही गोष्ट जगात तिला एकटीला ठाऊक होती. कुणी बोलायला लागलं की ती गर्रकन वळून उजवा कान पुढे करायची. लोकांना वाटायचं, पोरगी जात्याच चुळबुळी. भिंगरी हे नाव त्यातूनच चिकटलं.

सांगणार तरी कशी? आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकाऊ माणूस गडबडला की दाबायला. तसाच एक ब्रेक आई घरातही घेऊन फिरायची. जरा खोकला झाला, सहल रद्द. गुडघा खरचटला, पोहणं बंद. आता कुठे दुसऱ्या शहरातलं कॉलेज मिळालं होतं, हॉस्टेलची खोली मिळाली होती, बॅग अर्धी भरून झाली होती. कानाचं कळलं की आई कचकन ब्रेक दाबणार. मग भिंगरी कोपऱ्यावरच्या कॉलेजात, आणि रोज दुपारी जेवायला घरी.

आजवर नशिबाने हात दिला होता. सुट्टीत आईने तिला गाडी शिकवायला घेतली तेव्हा तर आपण मेलोच असं तिला वाटलं होतं, कारण शिकवणारी डावीकडे बसते. पण नेमका आईचा घसा बसला. दिवसभर शिकाऊंवर ओरडून बसतोच. "तुझ्यासाठी आवाज उरला नाही बाई," असं म्हणत ती डॅशबोर्डवर बोटाने ठोके द्यायची. एक ठोका, डावीकडे वळ. दोन ठोके, उजवीकडे. सुट्टी संपेपर्यंत तो घसा काही सुटला नाही आणि भिंगरी मनातल्या मनात त्या घशाला नमस्कार करत गाडी शिकली. रस्त्यात चालतानाही तसंच. एरवी साध्या वाऱ्याला घाबरणारी आई तिच्या उजव्या बाजूनेच चालायची, मग भले भिंगरी वाहनांच्या बाजूला येवो. आईच्या लक्षातच यायचं नाही, बिचारीच्या.

"तयार?" सेल्समनने विचारलं.

भिंगरीने त्याच्या हातातल्या फोनवर नजर रोखली. त्याचा अंगठा डावीकडे सरकला, कानात काहीच नाही. तिने डावा हात वर केला. अंगठा उजवीकडे गेला, चिर्रर्र. तिने उजवा हात वर केला.

"वा. पण ही कॉपी करतेय मॅडम, माझ्या अंगठ्याकडे बघतेय. डोळे मीट बघू."

तिने डोळे मिटले. अंधार झाला. छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती, तीही एकाच बाजूने. पक्षी नाही, काही नाही. शांत आहे म्हणजे डावीकडेच ओरडत असणार, तिने झटपट हिशेब केला आणि डावा हात वर केला.

"अगं, मी अजून चालूच कुठे केलंय?" सेल्समन खो खो हसला.

भिंगरीने डोळे उघडले. आई हसत नव्हती. आई तिच्या वर केलेल्या हाताकडे बघत होती. तो हात खाली कसा आणायचा हेच भिंगरीला सुचेना.

"परत करू. आता मी फोन पाठीमागे धरतो."

"नको," आई म्हणाली. पुढे होऊन तिने स्वतःच हेडफोन काढायला घेतला. त्यात भिंगरीचा डावा डूल अडकला. आईने तो सावकाश सोडवला, नीट सरळ केला. "हे नको."

कचकन. संपलं. भिंगरीच्या डोळ्यांसमोर बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात गेले.

"आई, मी गंमत करत होते गं..."

"गप बैस."

"मग टॅब दाखवू का? घड्याळ दाखवू?" सेल्समन बावचळला होता.

"नाही, असलंच काहीतरी. पण एकाच कानात घालायचं असतं ना, दोन्हीकडचा आवाज त्या एकातच येतो, ते." आई काउंटरवर वाकली. "चार्जिंग दिवसभर टिकलं पाहिजे. हॉस्टेलवर न्यायचंय तिला. फोनवर माझी कटकट तिथे नीट पोचायला नको?"

"आहे ना मॅडम." त्याने खालचा खण ओढला. "कुठल्या कानात बसणारं देऊ?"

आईचा घसा आज ठणठणीत होता. तरी ती बोलली नाही. भिंगरीकडे बघत तिने काउंटरच्या काचेवर बोटाने ठोका दिला. एक. आणि मग दुसरा.