हातमोजा

अनाथाश्रमाच्या अंगणात मॅडमनी परदेशी पाहुणीसमोर एक मुलगी उभी केली. “हीच मिसबाह.” दुभाषा म्हणून मी तेच इंग्रजीत सांगितलं. पाहुणी मिसबाहच्या शिक्षणाचा खर्च तिकडून पाठवायची, पण भेट पहिलीच. फोटोही जुना, दुसरीतला. मुलीने नाव, इयत्ता, सगळं घडाघडा सांगितलं. पाहुणीने स्वतः विणलेला लोकरीचा हातमोजा काढला. मिसबाह दरवर्षी कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवून पाठवायची, त्याच मापाचा. रावेरच्या उन्हात मुलीने तो चढवला. करंगळीशेजारचं सहावं बोट रिकामंच लोंबलं. पाहुणीने ते चिमटीत धरून माझ्याकडे पाहिलं. “ऑपरेशन झालं म्हणा, सर,” मॅडम हसत म्हणाल्या. मुलीने हातमोजा काढून माझ्या हातात ठेवला. “मिसबाहचं लग्न लावलं मामाने, सर. नववीतच. एवढा तिला धरणगावला पोचवा.” मॅडम हसतच ‘नको’ खुणावत होत्या. मी शब्दन् शब्द सांगितला.