रविवारचं काम

"पासवर्ड चुकीचा आहे," असं लॅपटॉपने सतराव्या रविवारीही सांगितलं.

मुलीने खुर्ची मागे सरकवली. खुर्ची बाबांची. गादीत त्यांच्या वजनाचा खळगा अजून होता, आणि चार महिने झाले तरी तिला त्यात नीट बसता येत नव्हतं.

बाबांनी मागे एक पेन ड्राइव्ह ठेवला होता. त्यात एकच झिप फाइल, पासवर्ड लावून बंद केलेली. त्याच्या पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : पासवर्ड आपला पहिला फोन नंबर. तो नंबर तिने झोपेतही सांगितला असता. चार नऊ दोन दोन नऊ सहा. बाबांची तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. माणूस विसरतील, नंबर विसरायचे नाहीत, असं आई म्हणायची. तरी फाइल उघडत नव्हती.

उघडत नव्हती, पण दिसत होती. तेच वाईट होतं. कुलूप आतल्या मजकुराला होतं, नावांना नव्हतं. यादी तिला पाठ झाली होती. 'पाण्याचा मुख्य कॉक'. 'आईच्या चष्म्याचा नंबर'. 'शेजाऱ्यांची शिडी परत देणे'. आणि सगळ्यांत खाली, 'तू वेळेत आली नाहीस तर'.

त्या फाइलीवर तारीख गुरुवारची होती. बुधवारी बाबांचा फोन आला होता.

"सवड काढून ये जरा."

"रविवारी येते, बाबा. नक्की."

"ये, ये. घाई नाही."

शनिवारी पहाटे ते गेले.

तेव्हापासून त्या फाइलीच्या नावातले पाच शब्द तिच्या मागे लागले होते. दात घासताना, लिफ्टमध्ये, साहेब समोर बोलत असताना. फाइल एवढीशी होती, जेमतेम चार-पाच ओळींची. बोल लावायला तेवढ्या पुरतात. बाबांनी तिला जन्मात कधी बोल लावला नव्हता, म्हणून धास्ती जास्त. ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आणा इकडे, तोडून देतो." तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये परत ठेवला. बाबांचं काही तोडायचं नव्हतं.

म्हणून ती दर रविवारी आईकडे येत होती. वह्या चाळायची, कपाट उपसायची. आई दर वेळी एक नवी वाट सुचवायची, एकच. "नंबर उलटा टाकून बघ." पुढच्या रविवारी, "आधी गावाचा कोड लाव." त्याच्या पुढच्या, "मधे रेघ द्यायचे गं ते." बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरकडे मात्र आई फिरकू द्यायची नाही. त्यावर तिने धुतलेला टॉवेल पांघरून ठेवला होता. "त्या डबड्याला हात लावू नकोस. धूळ आहे, शिंकत बसशील."

आज दुपारी लॅपटॉपची बॅटरी संपली. चार्जर तिच्या घरी राहिला होता. आई गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. मुलगी थोडा वेळ काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत बसली. मग तिने टॉवेल काढला.

डबडं कुरकुरत सुरू झालं. आतला पंखा आजारी माणसासारखा धापा टाकू लागला. शेवटचे काही महिने या खोलीत असाच आवाज असायचा. तिने पेन ड्राइव्ह लावला. चौकट आली. बाबा आकडे नेहमी उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर टाकायचे, कीबोर्डकडे न बघता, एक्सचेंजच्या सवयीने. तिचाही हात तिकडे गेला. तिनेही पाहिलं नाही. बोटं चालली ती तिची वाटली नाहीत.

बोट सहा वेळा पडलं. चौकटीत ठिपके चारच उमटले.

फाइल उघडली.

तिला आधी काही कळेना. मग तिने एक कोरं पान उघडलं आणि पट्टीवरचे आकडे ओळीने दाबले. आठपर्यंत आले. नऊ आला नाही. पुन्हा दाबला. नाहीच. एरवी पडद्यावर दिसलं असतं, बाबांनी वरच्या ओळीतला नऊ दाबून दुरुस्त केलं असतं. पण पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके, आणि ठिपके मोजायची त्यांना सवय नव्हती. बाबा चुकले नव्हते. तीही चुकली नव्हती. दोन नऊ तेवढे या बटणाखाली राहून गेले होते.

तिने सगळ्यांत खालची फाइल उघडली.

'रविवारी येते म्हणालीस, म्हणजे तू येणारच. माझ्याने तोवर थांबवलं नाही तर तो उशीर माझा, तुझा नाही. आईकडे येत जा. ती 'ये' म्हणणार नाही, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. काहीतरी काम काढेल. ते काम संपवू नकोस.'

जिन्यात चपला वाजल्या. मुलीने डोळे पुसले. फाइल बंद केली, पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला.

आई दारात आली. हातात कपड्यांचा ढीग, त्यावर हनुवटी. "उघडली का गं?"

"नाही ना. पुढच्या रविवारी बघते."

आईने चालू पडद्याकडे पाहिलं. मग खाली पडलेल्या टॉवेलकडे. कपडे पलंगावर टाकून तिने टॉवेल उचलला, झटकला आणि कीबोर्डवर पुन्हा पसरला, कोपरे नीट ओढून.

"यावर नको बघत जाऊस," ती म्हणाली. "याचा नऊ जाऊन दोन वर्षं झाली."