दुसऱ्या भागातलं धुकं

आमच्या आवडत्या भुताच्या गेमचा दुसरा भाग आला आणि खेळणाऱ्यांत दोन तट पडले. पहिल्या भागात राक्षस होते, यात फक्त विषारी धुकं. त्यात शिरलं की आधी समोरचं अंधुक होतं, मग नायकाचे हात थरथरतात, मग तो मरतो. मला हे आवडलं, कपिलला नाही.

“धुक्याले कोणी भेते का बे, अब्रार?” तो म्हणायचा.

आज सकाळभर कपाशीवर फवारणी करून, तोंडावरचा दुपट्टा सोडत तो थेट माझ्याकडे घाटंजीला आला आणि लॅपटॉपसमोर बसला. पहिला भाग त्याने एकदाही न मरता संपवला होता. आज त्याचा नायक सारखा भिंतीवर आपटत होता.

“भेला का बे?” मी चिडवलं.

“भेतो कायले! या धुक्यात काही दिसूनच नाही राह्यलं.”

मी वाकून पाहिलं. नायक लख्ख उन्हात उभा होता. धुक्याचा टप्पा अजून यायचा होता. कीबोर्डवर कपिलची बोटं थरथरत होती.

गेम सेव्ह न करताच मी गाडीची चावी उचलली. “उठ. दवाखान्यात चाल.”