दाताच्या डॉक्टरांचा पहिला पाहुणा

“यात बाबांचा आवाज कुठे आहे?” कानांवरचा हेडफोन काढत दाताच्या डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

“कुठे म्हणजे? चांगल्या तासभर गप्पा झाल्या आमच्या,” डॉक्टर म्हणाले. कपाळावरचा घाम पुसत होते, पण चेहरा मैदान मारून आल्यासारखा.

“मग ऐकाच.” तिने लॅपटॉपचा आवाज मोठा केला. रविवार होता, दवाखाना बंद होता, आणि त्या रिकाम्या खोलीत डॉक्टरांचाच आवाज घुमायला लागला. ‘बाबा, क्रेनवर पहिल्यांदा चढलात तेव्हा भीती वाटली असेल ना? वाटणारच. एवढी उंची म्हणजे काय चेष्टा आहे? पण मग सवय झाली असेल. होतेच हो माणसाला सवय.’ त्यावर खुर्ची करकरली, बाबा ‘हं’ म्हणाले, आणि डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारून त्याचंही उत्तर देऊन टाकलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. आता दोष तरी कुणाला द्यायचा? आजवर त्यांनी ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले, त्या सगळ्यांच्या तोंडात त्यांचीच बोटं असायची. ‘काय, जाऊन आलात का मुलीकडे?’ असं विचारायचं, ‘बरं असणारच सगळं,’ असं आपणच म्हणायचं आणि ड्रिल चालू करायचं, यात ते पार मुरले होते. त्यात आज बाबांना बसवलं होतं ते पेशंटच्याच खुर्चीत. त्यांच्या कमरेला तीच मानवते.

पॉडकास्टचं खूळ नवं होतं. मायक्रोफोन आला, बायको हौसेने रेकॉर्डिंग शिकली, मित्रांना ‘आपला एक छंद’ म्हणून सांगून झालं. खरं कारण खुर्चीत बसलं होतं. डॉक्टरांच्या बाबांनी सारा जन्म बंदरातली क्रेन चालवली. वर काचेच्या केबिनमध्ये एकटे, तिथे बोलणार कुणाशी? घरीही तीच सवय; आई होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. बाबांना एकदा तरी पोटभर ऐकावं, एवढंच डॉक्टरांच्या मनात होतं. मोठ्या मिनतवारीने बाबा ‘बरं, एकदाच’ म्हणून कबूल झाले होते, आणि त्याचं हे असं मातेरं झालं होतं.

“झालं ना तुमचं?” म्हणत बाबांनी चपला शोधायला पाय खाली सोडले.

“बाबा, आणखी एकदा. या वेळी मी एक शब्द बोलणार नाही. म्हणजे प्रश्न तेवढे विचारीन, पण मध्ये मध्ये—”

“तुम्ही?” बायको हसली. “अहो, तुम्ही झोपेतसुद्धा बोलता. बाबा, जरा बसा. मी यांचा बंदोबस्त करते.” तिने कपाटातून कापसाची बरणी काढली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. “आ करा.”

डॉक्टर बघतच राहिले. मग त्यांनी निमूट आ केला. दोन्ही गालांत आणि जिभेखाली तिने कापसाचे बोळे ठासून भरले. दवाखान्यात मदत करून करून तिचा हात बसला होता. बाबा मागे रेलून हा प्रकार पाहत होते, आणि मिशीतल्या मिशीत हसत होते.

“बाबा, वरून काय काय दिसायचं?” तिने विचारलं आणि ती गप्प बसली.

बाबाही गप्प. डॉक्टरांच्या घशातून उत्तर वर आलं आणि कापसात अडकलं. ती शांतता त्यांना सोसवेना, पण इलाज नव्हता.

“पाणी दिसायचं,” बाबा अखेर म्हणाले. थोडं थांबले. कुणीच मध्ये तोंड घातलं नाही, तसे पुढे निघाले. “सकाळी राखाडी असतं. ऊन चढलं की बघवत नाही त्याच्याकडे. खाली माणसं एवढीएवढीशी. त्यांचा आवाज काही वर येत नाही. हात तेवढे बघायचे. उचल, थांब, सावकाश. सगळं हातांवर.”

बाबांच्या आवाजात इतका गोडवा आहे, हे डॉक्टरांना आज कळत होतं. त्यांना फार बरं वाटत होतं. डोळे भरून आले होते, तेही त्यांनी पुसले नाहीत.

“आणि बंदराच्या भिंतीपलीकडे तुझी शाळा,” बाबा म्हणाले. “मधल्या सुट्टीत तू पायऱ्यांवर उभा, पोरं भोवती गोळा झालेली. आणि तुझे हात जे सुटलेले असायचे! वर, खाली, थांब, फिरव, सगळं एकदम. तुझ्या इशाऱ्यांवर क्रेन चालवली असती तर जहाजच बुडवलं असतं मी.”

बायकोने हसू आवरायला तोंडावर हात धरला.

“मग मध्येच माझ्याकडे बोट करायचास. सगळी पोरं माना वर करून बघायची.” बाबा जरा पुढे झुकले. “रोज वाटायचं, घरी गेलं की विचारावं. ते राहूनच गेलं बघ. काय सांगायचास रे तू त्यांना?”

डॉक्टरांचा हात कापूस काढायला तोंडाकडे गेला. बायकोने डोळे वटारले. मग त्यांनी तसंच, भरल्या तोंडाने, सांगायला सुरुवात केली. ‘अं, आं’ याखेरीज काही बाहेर पडत नव्हतं. दोन्ही हात मात्र वर गेले, पसरले, गरागरा फिरले, छातीशी आले, पुन्हा पार वर गेले. उत्तर बरंच लांबलं.

बाबांनी शेवटपर्यंत त्या हातांवरून नजर काढली नाही.

“हां,” ते म्हणाले. “मला वरून तसंच वाटलं होतं.”