पाच पाणाड्यांचं एकमत

खारपाणपट्ट्यातल्या गावात गोडं पाणी कुठं लागेल, हे ठरवायला देवमन गुरुजींनी बासष्ट साली अकोल्याकडचे पाच पाणाडे जमवले. असे नामी, की जमिनीखालचा बेडूक नर की मादी, तेही सांगत. भिडेपोटी होला हो नको, म्हणून गुरुजी एकेकट्याला गावाच्या नकाशावर खडा ठेवायला लावत, बाकीच्यांचं मत ऐकवत, अन् फेरी पुन्हा सुरू. दर फेरीला चहा. गुरुजींच्या बायकोनं, मनकर्णानं, दोन कोसांवरून आणलेली घागर संपली. पाय केव्हाच संपले होते. चौथ्या फेरीला पाचही खडे नकाशावर एकाच जागी पडले: गुरुजींच्या घरात, नेमके तिच्या चुलीवर! “गोडं पानी तं सकाळपासून तिथूनच येऊन राह्यलं,” पाणाडे म्हणाले. गुरुजी हरखले. “एकमत! कुदळ आन वं!” तिनं चूल विझवून रिकामी घागर उचलली. “खंदा. खारं लागलं तं मीठ तरी इकत घ्या लागनार नाई.”